खुर्चीच्या पाठीवरचे केस

१

"सोफावाल्या ताई ना? तुम्ही साफ केलेल्या खुर्चीवर पुन्हा कुत्र्याचे केस आहेत. आत्ताच्या आत्ता या."

बुधवारी सकाळी आठ वाजता असा फोन आला की कुणाचंही डोकं फिरेल. माझं जरा लवकर फिरतं. बावीस वर्षं मी लोकांच्या सोफ्यांवरून, खुर्च्यांवरून, गाद्यांवरून मांजरांचे आणि कुत्र्यांचे केस काढते आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या खुर्चीवर केस राहत नाही. राहिला, तर तो नंतर कुणीतरी आणून टाकलेला असतो.

तिसऱ्या मजल्यावर पोचले तर दार उघडंच होतं. आत चिमणीची आई उभी होती, कामावर जायच्या तयारीत, अंगात करडा लोकरी स्वेटर, खांद्याला पिशवी. चिमणी म्हणजे त्यांची सात वर्षांची मुलगी. तिला दम्याचा त्रास. सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरात कुत्रं नको; केसांपेक्षाही त्यांना चिकटलेला कोंडा वाईट. तेव्हा घरची कुत्री, गुंडी तिचं नाव, एका निवृत्त गुरुजींकडे दिली आणि त्याच दिवशी मी येऊन अख्खं घर साफ केलं होतं.

"तीन आठवडे पोर कशी ठणठणीत होती," आई म्हणाली. "आणि आता तीन आठवडे झाले, दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिला धाप लागते. काल तर दोनदा वाफ द्यावी लागली. हे बघा, मी लिहून ठेवलंय."

फ्रिजवर कागद चिकटवला होता. सहा तारखा. सगळ्या मंगळवार-शुक्रवारच्या.

"याच दोन दिवशी का?" मी विचारलं.

"कारण याच दोन दिवशी मला घरी यायला साडेसात होतात. वाचनालय उशिरापर्यंत उघडं असतं ना. तोवर घरात कोण? मावशी." तिने आवाज खाली आणला. "त्या गेटवरच्या कुत्र्याला पोळी घालतात. मी नसले की वर आणत असणार. मी त्यांना सांगून टाकलंय, शनिवारी सकाळी हिशेब करू आणि निघा. पुढे कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. निष्काळजी आहेत, असंच सांगणार."

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोन वर्षं त्या या घरातल्या आजोबांना सांभाळत होत्या. आजारी माणसं सांभाळणाऱ्या बाईच्या नावापुढे 'निष्काळजी' हा शब्द लागला, की तिला दुसरं घर मिळत नाही. आणि मावशींचं वय आता काही दुसरा धंदा शिकायचं नव्हतं.

"ताई, तुमची खुर्ची तुम्ही बघा," त्या मला एवढंच म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही."

चिमणीची आई निघून गेली. मी हातमोजे घातले.

२

खुर्ची खिडकीजवळची. मोठी, उंच पाठीची, निळ्या खरबरीत कापडाची. या कापडात केस असा रुततो की झाडूला दाद देत नाही आणि यंत्राच्या नळीलाही नाही. त्याला एकच उपाय: रबरी हातमोजा ओला करायचा, पाणी झटकायचं आणि एकाच दिशेने ओढत न्यायचं. केस आपोआप गोळा होऊन त्यांची वळी होते. उलटसुलट घासणारे लोक केस आणखी आत घालतात आणि मग मला बोलावतात.

माझी एक सवय आहे, तिला माझी बहीण खूळ म्हणते. खुर्चीच्या प्रत्येक भागाची वळी मी वेगळ्या पाकिटात ठेवते आणि वर लिहिते: बैठक, पाठ, हात, खालची कड. गिऱ्हाइकाला दाखवायला. आणि ती पाकिटं तीन महिने टाकत नाही, कारण एकदा एका गिऱ्हाइकाने 'तुम्ही काही काढलंच नाही' म्हणून माझ्याशी भांडण उकरलं होतं.

मी बैठकीवरून मोजा फिरवला. काहीच नाही. पुन्हा फिरवला, तरी काही नाही. दोन्ही हातांवर काही नाही. खालची कड, जिथे कुत्रं अंग घासत जातं, तिथे एक केस नाही. गुडघे टेकून सतरंजी बघितली, तीही स्वच्छ.

मग पाठीवरून मोजा ओढला, आणि करंगळीएवढी जाड वळी हातात आली.

केस पांढरे होते, टोकाला काळे. मी खिडकीतून खाली पाहिलं. गेटवरचं कुत्रं उन्हात पसरलं होतं, शेपटीपासून नाकापर्यंत तांबडं.

"मावशी," मी हाक मारली, "गुंडीचा रंग कसा होता हो?"

"पांढरी. केसांची टोकं काळी. का?"

मी वळी त्यांच्यापुढे धरली. मावशींनी ती बोटांत घेऊन उजेडाला धरली.

"देवा! ही तर तिचीच," त्या म्हणाल्या. "पण ती या घरात आली कुठून?"

३

चिमणीच्या आईला मी फोन लावला आणि केस गेटवरच्या कुत्र्याचे नाहीत, गुंडीचे आहेत, असं सांगितलं.

"मग गुंडीचं काहीतरी घरात लपवून ठेवलंय," ती म्हणाली. "मावशींनीच. शोधा तुम्ही." आणि फोन ठेवला.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आजोबा आपल्या चाकाच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. एके काळी घड्याळं दुरुस्त करायचे. कंबरेचं हाड मोडल्यापासून घराबाहेर पडलेले नाहीत. माझ्याकडे बघायचं मुद्दाम टाळत होते. घड्याळाच्या माणसाला वेळ साधता येते, पण चेहरा साधता येईलच असं नाही.

"आजोबा, तुमच्या खुर्चीखाली ती पिशवी कसली?"

"औषधांची."

"एवढी औषधं?"

आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पिशवी स्वतःच पुढे ओढली. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, दोरीने आवळून बांधलेलं एक पांघरूण होतं. गुंडीचं.

"हे मी ठेवलंय," ते म्हणाले. "मावशींना माहीतसुद्धा नाही. नऊ वर्षं ती माझ्या पायाशी झोपली. माणसाने एवढंही ठेवू नये का? सूनबाईला सांगायचं तर सांगा. पण त्या बाईला घालवू नका. तिच्याशिवाय मला आंघोळसुद्धा कुणाच्या हातून नको वाटते."

त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, कारण चोर सापडला असं वाटलं. तो आनंद दोन मिनिटं टिकला. दोरीची गाठ दुहेरी होती, तिच्यावर धूळ बसली होती. ती सहा आठवड्यांत कुणी सोडलेली नव्हती. आणि प्लॅस्टिकमधून दिसत होते ते केस लोकरीत दबून पार नमद्यासारखे झालेले, मळकट. माझ्या वळीतले केस मोकळे होते, चकाकत होते. कालपरवापर्यंत जिवंत कुत्र्याच्या अंगावर असलेले.

"आजोबा, तुमची पिशवी जाग्यावर ठेवा," मी म्हणाले. "फक्त सोडू नका."

म्हणजे गुंडीला अलीकडे कुणीतरी भेटत होतं.

४

दुपारी चिमणीचे बाबा जेवायला आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. दारातच बूट काढता काढता त्यांनी मला विचारलं, "काय ताई, सापडला का खुनी?"

"खुर्चीची स्प्रिंग बघायचीय. जरा बसता का?"

ते बसले. माणूस उंच, खांदे खुर्चीच्या पाठीच्या वर गेले. मला जी वळी मिळाली होती ती मधल्या पट्ट्यात होती, वरच्या कडेपासून चांगली एक वीत खाली. यांच्या खांद्यांनी केस आणले असते तर ते वरच्या कडेला घासले असते.

"गुंडी गेली तेव्हा सगळ्यात जास्त भांडलं कोण?" मी सहज विचारलं.

"मी. लपवत नाही. पण डॉक्टरांपुढे काय बोलणार?" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "बायको दगडाची झाली होती तेव्हा. एक टिपूस काढलं नाही डोळ्यांतून. म्हणाली, आता या घरातल्या कुणी तिला भेटायला जायचं नाही, तिलाही त्रास आणि आपल्यालाही. मी गेलो नाही. जायची हिंमतच नाही."

"आणि या खुर्चीत रोज बसतं कोण?"

"आता कोण बसणार! संध्याकाळी चिमणीला वाफ द्यायला तिची आई बसते, मांडीवर घेऊन. बाकी आम्ही सगळे सोफ्यावर."

मावशी पानं वाढत होत्या. "मी तर बसतच नाही," त्या म्हणाल्या. "त्या खुर्चीत रुतलं की गुडघे उठू देत नाहीत. बोलणार नव्हते, पण आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मंगळवारी म्हणा, शुक्रवारी म्हणा, आई येईपर्यंत पोर लंगडी घालत असते इथे. धाप लागते ती नंतर, वाफेला बसल्यावर."

"वाफ तर रोज असते ना?"

"रोज. पण खोकते त्याच दोन दिवशी."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"मावशी, गुंडीला माणसाच्या मांडीवर चढायची सवय होती का?"

"छे! मानी कुत्री ती. मांडीवर कधी आली नाही. आपण कुठे पायरीवर, ओट्यावर बसलो की मागून यायची आणि आपल्या पाठीला पाठ लावून बसायची. टेकायलाच बसली म्हणा ना."

बाबा हसले. मला हसू आलं नाही.

५

गुरुवारी मी कामाला गेले नाही. टेबलावर जुनी पाकिटं आणि नवं पाकीट शेजारी शेजारी ठेवून बसले.

सहा आठवड्यांपूर्वीची पाकिटं: बैठक, भरपूर. खालची कड, भरपूर. पाठ, चिमूटभर. कुत्रं घरात राहतं तेव्हा असंच असतं. नवीन: पाठ, भरपूर. बाकी सगळं कोरं. म्हणजे कुत्रं घरात आलेलं नाही. माणसाच्या पाठीवर बसून केस घरात आले.

पण कुत्र्याला भेटून आलेल्या माणसाच्या बाह्यांवर केस असतात, छातीवर असतात, मांड्यांवर असतात. खुर्चीचे हात आणि बैठक कोरी कशी? एकच उत्तर होतं. त्या माणसाने स्वतःला साफ केलं होतं. नीट, काळजीने, जिथवर डोळा बघतो आणि हात पोचतो तिथवर. पाठीच्या मध्यावर कुणाचाच हात पोचत नाही, आणि तिथे केस आहेत हे आरशात वळून बघितल्याशिवाय कळत नाही.

निष्काळजी माणूस हे करत नाही. हे काम फार काळजी असलेल्या माणसाचं होतं.

आणि वाचनालय? तिथल्या बसायच्या खुर्च्या गेली चार वर्षं मीच साफ करते. तिथला रखवालदार कुठलाही वार असो, सहाच्या ठोक्याला दिवे घालवतो, माझ्या हातात ओला मोजा असला तरी. सहाला बंद होणाऱ्या वाचनालयातून पंधरा मिनिटांच्या अंतरावरच्या घरी यायला साडेसात का वाजावेत?

तिथे काम करणाऱ्या बायांकडे पुस्तकांच्या कण्यांना लावायची रुंद चिकटपट्टी असते. केस उचलायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मीसुद्धा अडीनडीला वापरते.

संध्याकाळपर्यंत मला सगळं कळलं होतं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. दुसऱ्याचा अंदाज चुकला तर मी तोंडावर सांगते, त्यासाठी बदनामच आहे. पण एखाद्या आईला, तुझ्या पोरीचा श्वास तूच कोंडतेस, हे अंदाजावर सांगायचं नसतं. पुरावा हवा होता, आणि तो शुक्रवारीच मिळणार होता. शनिवारी मावशी जाणार होत्या.

६

शुक्रवारी सात वाजल्यापासून मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी होते, खांद्याला कामाची पिशवी आणि हातात पाण्याची बाटली. शेजारच्या एका बाईने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी म्हणाले, "लिफ्टची." लिफ्ट माझ्या डोळ्यांसमोर दोनदा येऊन गेली.

साडेसातला पाच मिनिटं कमी असताना चिमणीची आई जिना चढत आली. मला बघून थबकली.

"तुम्ही? आज पुन्हा काय झालं?"

"काही नाही. जरा पाठमोऱ्या उभ्या राहा."

"कशाला?"

"राहा तर."

काय वाटलं कुणास ठाऊक, ती वळली. मी मोजा ओला केला, झटकला आणि तिच्या स्वेटरच्या पाठीवरून मानेखालून कमरेपर्यंत एकदाच ओढला. मग हात पुढे करून तिला दाखवला. पांढरी वळी, टोकाला काळी.

ती बघत राहिली.

"मी प्रत्येक वेळी पट्टी लावून सगळं काढते," शेवटी ती म्हणाली. "बाह्या, पुढची बाजू, सगळं. हात धुते, तोंड धुते. गुरुजींच्या अंगणातच."

"पाठीला पाठ लावून बसते ना ती?"

तिने मान हलवली आणि पायरीवरच बसली. तीन आठवड्यांपूर्वी गुरुजी वाचनालयात आले होते, म्हणाले की गुंडी जेवत नाही, पाच दिवस झाले, नुसती फाटकाकडे तोंड करून पडते. ती एकदाच म्हणून गेली. तिच्या समोर गुंडी जेवली. मग मंगळवार आणि शुक्रवार ठरले. घरी सांगायचं कसं? जायचं नाही, हे तिनेच सगळ्यांना बजावलं होतं.

"आणि चिमणीला त्याच दिवशी त्रास होतो हे तुम्हीच लिहून ठेवलं होतंत," मी म्हणाले. मला मऊ बोलायला जमत नाही.

"लिहीत होते. कागदाकडे बघायचे आणि वाटायचं, नाही, माझ्यामुळे नसेल. मी इतकी जपते. दुसरं कुणीतरी असेल. असायलाच हवं होतं हो दुसरं कुणीतरी." तिने पदराआड लपावं तसं स्वेटरच्या बाहीत तोंड लपवलं आणि रडली. नवऱ्याने सांगितलं होतं ते टिपूस आत्ता निघालं.

मी तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "वरती एका बाईची पिशवी भरून झालीय. मी जाऊन सांगू शकते, पण ते मी सांगायचं नाही."

तिने डोळे पुसले. स्वेटर काढला, उलटा करून माझ्या हातात दिला आणि वर गेली. मी मागोमाग.

दार मावशींनी उघडलं. चिमणीची आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत बाबा होते, आजोबा होते, चिमणी खुर्चीपाशी वाफेच्या यंत्राची वायर सोडवत होती.

"मावशी, केस मी आणत होते," ती म्हणाली. "गुंडीला भेटायला जात होते मी. मंगळवारी आणि शुक्रवारी. तुम्ही काहीही केलं नव्हतं आणि मी तुम्हाला नको ते बोलले. तुम्ही जाऊ नका. आणि तरी जायचंच असेल, तर कुणीही विचारलं तर तुमच्यासारखी काळजी घेणारी बाई मी बघितली नाही, असं मी लिहून देईन."

बाबांनी बायकोकडे असं बघितलं, जसं बऱ्याच दिवसांनी ओळखीचं कुणी भेटावं. मावशींचा राग मात्र लवकर उतरणारा नव्हता. दोन वर्षांच्या चाकरीवर तीन दिवसांत पाणी फिरलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि ते एका वाक्याने भरून येत नाही.

"जायचं की राहायचं ते मी उद्या सांगेन," त्या म्हणाल्या. मग आतून टॉवेल आणला आणि तिच्या अंगावर टाकला. "आधी आंघोळ करा. पोरीला तोवर मी धरते."

"म्हणजे तू गुंडीला भेटतेस?" चिमणीने विचारलं. ती खुर्चीपाशीच होती. आईने हात करून तिला तिथेच थांबवलं होतं.

"हो."

"सहा वेळा?"

"आज सातवी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

आईने खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला.

"ती विसरली का मला?" चिमणीने विचारलं.

"नाही गं. मी गेले की आधी जेवत नाही ती. माझे हात हुंगते, बोटं, मनगट, सगळं. तुझा वास शोधते. सापडला की मग पाठ टेकून बसते आणि जेवते."

चिमणी जमिनीवर बसली, दोन्ही पायांतले मोजे ओढून काढले, दिवसभर शाळेत घातलेले, आणि त्यांचा बोळा करून जोरात दाराकडे फेकला. तो आईच्या पायाशी येऊन पडला.

"हे तिला नेऊन दे," ती म्हणाली. "आणि धुऊ नकोस हां."

मावशी मोज्यांसाठी पिशवी आणायला आत गेल्या.